कोल्हापूर ते लंडन : अंतर किती, विमानाला वेळ किती आणि घरातून निघाल्यापासून खरे तास किती?

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडला आहे अशी घरं आता कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत सापडतात. लेकीचं बाळंतपण जवळ येतं, तिकडून बोलावणं येतं आणि आईवडील पहिल्यांदाच इतक्या लांबच्या प्रवासाला निघतात. मग चौकशी सुरू होते. लंडन किती लांब? विमानाला किती तास लागतात? सगळीकडून एकच उत्तर मिळतं, "साडेनऊ-दहा तास, बसलं की पोचलं."

उत्तर खोटं नाही. पण ते मुंबईच्या विमानापुरतंच आहे, आणि आपण राहतो कोल्हापुरात. पहिल्या खेपेला आम्ही दोघं त्या दहा तासांच्या तयारीनं निघालो आणि लेकीच्या दारात पोचेपर्यंत तीस तास होत आले होते. डबा संपला होता, यांच्या गोळ्यांची वेळ चुकली होती आणि लेक विमानतळावर काळजीनं अर्धी झाली होती. मी शाळेत भूगोल शिकवला आहे. अंतर आणि वेळ हा माझा रोजचा धडा, तरी हा हिशोब मला आधी कुणी सांगितला नव्हता. त्यानंतर तीनदा जाऊन आले. तुम्हाला तो त्रास होऊ नये म्हणून एकेक गोष्ट क्रमानं सांगते.

१. आधी अंतर समजून घ्या

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक कोल्हापूरवर ठेवा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणून धरा. तो जिथून जातो तो सगळ्यात जवळचा मार्ग. भूगोलात त्याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. या मार्गानं कोल्हापूर ते लंडन साधारण ७,५०० किलोमीटर भरतं आणि मुंबई ते लंडन साधारण ७,२०० किलोमीटर. इंटरनेटवर अंतर विचारलं की जो आकडा येतो तो हाच, हवेतला.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून पाहिलंत तर रेघ इराक-सीरियावरून जाताना दिसेल. गोलावरचा दोरा मात्र बराच उत्तरेकडून जातो. अरबी समुद्र, बलुचिस्तान, इराण, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, युक्रेनचं दक्षिण टोक आणि मग मध्य युरोप. ही नावं वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल की या वाटेवरचं आकाश आज सगळ्यांना मोकळं नाही. युक्रेनवरचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केली. इराणच्या बाजूला तणाव वाढला की वाट पुन्हा बदलते. म्हणून विमान त्या दोऱ्यावरून जात नाही, वळसा घालून जातं, आणि प्रत्यक्ष कापलेलं अंतर ७,२०० पेक्षा जास्त भरतं.

२. जायला जास्त वेळ, यायला कमी

मोठं प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे ८ तास. मग तिकिटावर साडेनऊ-पावणेदहा का? कारण तिकिटावरचा वेळ विमान मुंबईच्या गेटवरून मागे सरकतं तिथपासून लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढणं, खाली उतरणं, हीथ्रोवर जागा मिळेपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्या, वरचा वळसा, सगळं त्यात आलं.

शिवाय वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर असतात. त्यामुळे मुंबईहून लंडनला जे विमान पावणेदहा तास घेतं, तेच परतताना पावणेनऊ तासांत येतं. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात. जाणं लांबलं तर विमानात काही बिघाड झाला असं समजून घाबरू नका.

३. तिकिटावरच्या वेळा वाचायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची. दोन्हींची सरळ वजाबाकी करायची नाही.

आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि लंडन शून्य अंशावर. पंधरा अंशांना एक तास, म्हणून आपण साडेपाच तास पुढे. पण इंग्लंडमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचाच राहतो.

समजा जून महिना आहे. विमान मुंबईहून दुपारी १ ला सुटतं आणि तिकिटावर लंडनला पोचायची वेळ संध्याकाळी ६:१५ आहे. वजाबाकी केली तर सव्वापाच तास येतात, आणि काही जण खरोखर तेवढंच धरून चालतात. त्यात साडेचार मिळवा, पावणेदहा तास होतात. म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे पावणेअकरा वाजलेले असतील. हेच विमान जानेवारीत तेवढाच वेळ घेऊन लंडनच्या घड्याळानं ५:१५ ला पोचेल.

परतीचं उदाहरण घ्या. जूनमध्ये लंडनहून रात्री ८ ला निघालात, मुंबईला सकाळी ९:१५. तिकिटावर त्यापुढे "+१", म्हणजे अधिक एक, असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्याचा अर्थ दुसरा दिवस. न्यायला येणाऱ्यांना तारीख सांगताना ही खूण हटकून सुटते आणि गाडी एक दिवस आधी मुंबईला जाऊन उभी राहते. वजाबाकी सव्वातेरा तास येते. त्यातून साडेचार काढले की पावणेनऊ.

माझा उपाय साधा आहे. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा. डावीकडे "आपली वेळ", उजवीकडे "तिथली वेळ". घरातून निघण्यापासून लेकीच्या दारापर्यंतचा प्रत्येक टप्पा दोन्ही रकान्यांत लिहा. त्याची एक प्रत घरी ठेवा, एक तिकडे फोटो काढून पाठवा. मनगटावरचं घड्याळ मात्र पोचेपर्यंत आपल्याच वेळेवर राहू द्या. मोबाइल उतरल्यावर आपोआप बदलतो.

४. कोल्हापूर ते मुंबई : खरी जोखीम इथे आहे

हवेतून हे अंतर जेमतेम ३०० किलोमीटर, रस्त्यानं ३८० च्या आसपास. लंडनच्या अंतराच्या मानानं काहीच नाही. पण पुढचे सात हजार किलोमीटर विमान कंपनीच्या जबाबदारीवर असतात आणि हे ३८० आपल्या. विमान चुकतं ते इथेच.

विमानानं : उजळाईवाडीचा विमानतळ शहरापासून जवळ आहे आणि मुंबईला तासाभरात पोचता येतं. मात्र उड्डाणांचे दिवस आणि वेळा हंगामानुसार बदलतात. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान रद्द होऊ शकतं. जून ते सप्टेंबरमध्ये लंडनचं विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी सकाळच्या कोल्हापूरच्या विमानावर अवलंबून राहू नका.

रेल्वेनं : महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईत पोचवते. आडवं होऊन जाता येतं, म्हणून वयस्कर माणसांना मी हीच सुचवते. दादरला किंवा सीएसएमटीला उतरलात तर मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत जाते. दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच बरी. विमान दुपारनंतरचं असेल तरच त्या सकाळी पोचणारी गाडी धरा.

रस्त्यानं : मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी आणि ताराराणी चौक-कावळा नाक्याच्या बाजूनं खाजगी स्लीपर मिळतात. मोटारीनं सात-आठ तास धरा, पण सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम, खंबाटकी आणि पुण्याची कोंडी यासाठी वर दोन तास ठेवा. घरच्या माणसानं रात्रभर गाडी चालवून सोडायला यायचं आणि तसंच परत फिरायचं, हा हट्ट मला पटत नाही. ड्रायव्हर घ्या.

पुराचा विचार कोल्हापूरकरानं करायलाच हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडची वाहतूक थांबली. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर आधीच्या आठवड्यापासून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. पाणी ३९ कडे सरकताना दिसलं की दोन दिवस आधी निघून ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे जाऊन थांबा. पाणी उतरेल म्हणून वाट बघू नका.

आणखी एक. मुंबई म्हटलं की आता एकच विमानतळ नाही. नवी मुंबईचाही सुरू झाला आहे. तिकिटावरची तीन अक्षरं पाहा. बीओएम म्हणजे जुना, अंधेरी-सांताक्रूझचा; एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. जुन्यातही टर्मिनल १ आणि २ वेगळी आहेत, मध्ये काही किलोमीटरचा रस्ता आहे. लंडनची विमानं टर्मिनल २ वरून सुटतात.

५. एक तिकीट की दोन?

नंतरच्या एका खेपेला आम्हाला एका एजंटनं दोन वेगवेगळी तिकिटं काढून दिली होती. एक देशातल्या विमानाचं, दुसरं लंडनचं. मध्ये साडेतीन तास होते. कागदावर भरपूर वाटले. पण तिकिटं वेगळी असली की बॅगा आपोआप पुढे जात नाहीत. पहिल्या विमानातून उतरून पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, दुसऱ्या टर्मिनलला जायचं, पुन्हा रांगेत उभं राहून त्या द्यायच्या, मग इमिग्रेशन म्हणजे पासपोर्टची तपासणी, मग सुरक्षा तपासणी. त्यात पहिलं विमान तासभर उशिरा आलं. आम्ही काउंटरवर पोचलो तेव्हा तो बंद व्हायला काही मिनिटंच उरली होती. यांना धाप लागलेली. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून तिकीट काढणाऱ्याला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकावर आहे का? बॅगा थेट लंडनपर्यंत जातात का? पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कुणाची? वेगळी तिकिटं घ्यावीच लागली तर मध्ये निदान सहा तास ठेवा, त्याहून चांगलं म्हणजे मधे एक रात्र.

थेट जावं की दुबईमार्गे? अंतरात फारसा फरक नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज थेट मार्गापेक्षा दोन-अडीचशेनंच जास्त. हवेतले तास मिळून साधारण पावणेअकरा होतात. खरा वेळ जातो तो मधल्या थांब्यात. दोन तासांपेक्षा कमी थांबा असेल तर वयस्कर माणसांची धावपळ होते. सहापेक्षा जास्त असेल तर खुर्चीत अंग आंबून जातं. तीन-चार तास बरे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, हे वहीत वेगळं लिहा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चार पैसे जास्त गेले तरी थेट विमान घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत. चालता येतं मग कशाला, असा संकोच अजिबात करू नका. गुडघे दुखत असतील तर ती हवीच. लांबलचक वाटा आणि रांगा यांत सोबत एक माणूस राहतो, आणि इंग्रजी बोलायची भीती वाटणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो.

६. जवळ काय ठेवायचं

हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही :

- पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं, त्यांची एक झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात
- जाण्याचं आणि परतीचं तिकीट, छापलेलं
- मुलाचा किंवा मुलीचा पूर्ण पत्ता पिनकोडसह आणि फोन नंबर, कागदावर लिहिलेला (मोबाइलची बॅटरी उतरते)
- त्यांनी दिलेलं बोलावण्याचं पत्र
- प्रवास विम्याचा कागद
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची मूळ नावं इंग्रजीत
- औषधं, लागतील त्यापेक्षा आठवडाभराची जास्त
- पॉवर बँक (ती मोठ्या बॅगेत चालतच नाही)
- स्वेटर आणि पायमोजे. विमानात थंडी वाजते

सामानाच्या वजनातही एक खाच आहे. लंडनच्या बऱ्याच तिकिटांवर एका बॅगेला २३ किलो चालतं, पण देशातल्या विमानात वेगळं तिकीट असेल तर बहुधा १५ किलोच. कोल्हापूरहून विमानानं निघालात तर जास्तीच्या किलोंचे पैसे उजळाईवाडीतच भरावे लागतील.

खाऊबद्दल : ब्रिटनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, बर्फी, तूप घरीच ठेवा. हा नियम ऐकून प्रत्येक आजीला वाईट वाटतं, मलाही वाटलं. कांदा-लसूण मसाला, चटणी, भडंग न्या. मसाला दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत ठेवा, नाहीतर सगळ्या साड्यांना वास लागतो.

७. गोळ्यांचं घड्याळ

रक्तदाब किंवा साखर असलेल्या कुणीही हा भाग वगळू नये. यांची गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ ची. वरच्या जूनच्या उदाहरणात आपले रात्रीचे ८ वाजतात तेव्हा तुम्ही विमानात असता आणि लंडनच्या घड्याळात दुपारचे साडेतीन झालेले असतात. खिडकीबाहेर लख्ख ऊन. पहिल्या खेपेला यांनी "अजून दुपारच आहे" म्हणून लंडनचे रात्रीचे ८ वाजेपर्यंत थांबायचं ठरवलं. बारा तासांचं अंतर साडेसोळा तासांचं झालं आणि उतरल्यावर यांना गरगरायला लागलं.

निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडे ते दोन रकान्यांचं पान घेऊन जा आणि कुठली गोळी कधी घ्यायची ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. खालच्या बॅगेत ते गोठून खराब होऊ शकतं. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पोटऱ्या हलवत राहा आणि पाणी प्या. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका. कडेची सीट मागून घ्या म्हणजे उठायला अडचण होत नाही.

८. हीथ्रोवर उतरल्यावर

विमान लागलं म्हणजे पोचलो असं नाही. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा मिळून दीड तास धरा. विमानात भरायचा तो कागद २०१९ पासून बंद झाला आहे, कुणी मागितला नाही म्हणून गोंधळू नका. अधिकारी साधे प्रश्न विचारतात : कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. कागद पुढे करा, शांतपणे सांगा.

हीथ्रोला २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल आहेत. न्यायला येणाऱ्याला विमानाचा नंबर आणि टर्मिनल दोन्ही कळवा. आणि लेकीचं "लंडन" नक्की कुठे ते आधी विचारा. आमची लेक रेडिंगला असते, तिथे हीथ्रोहून थेट बस आहे, तासाभरात पोचतो. बर्मिंगहॅम किंवा लेस्टरला जायचं असेल तर आणखी अडीच-तीन तास धरा.

आता सगळं मांडून पाहा. घरातून रात्री ८ ला निघालो. रात्रभर रेल्वे. सकाळी मुंबई, साडेनऊपर्यंत विमानतळ. दुपारी १ ला विमान. आपल्या रात्री पावणेअकराला हीथ्रो. सव्वाबारापर्यंत बाहेर. बसनं रेडिंग, दारात पोचताना आपले रात्रीचे दीड. म्हणजे साडेएकोणतीस तास. तिथे तेव्हा रात्रीचे ९ वाजलेले असतात आणि जूनमध्ये बाहेर अजून उजेड असतो. चार घास खा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन-चारलाच जाग येईल, ते साहजिक आहे. तीन-चार दिवसांत बसतं. दुपारी झोपायचं टाळा, बाहेर उन्हात फिरून या.

९. परतताना

मुंबईला सकाळी ९:१५ ला उतरलात की बाहेर पडेपर्यंत अकरा होतात. सीएसएमटीहून सकाळी सुटणारी कोयना तोवर गेलेली असते आणि महालक्ष्मी रात्रीची. त्या रात्रीचं आरक्षण आधीच करून ठेवा आणि दिवसभर कुणाकडे तरी आडवं व्हा. विमान दोन-तीन तास उशिरा आलं तरी ही गाडी चुकत नाही. थेट मोटारीनं यायचं असेल तर न्यायला येणाऱ्याला तिकिटावरची ती "अधिक एक" ची खूण दाखवा आणि तारीख त्याच्याकडून वदवून घ्या.